कडेचं तेवढं तू सांग

परवा पाहिलेल्या सिनेमातलं भूत आम्हाला दोघांनाही आवडलं नाही. एक जोडपं नव्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर राहायला जातं आणि तिथली लिफ्ट रोज दुपारी एका नसलेल्या मजल्यावर थांबते, अशी गोष्ट. कल्पना बरी आहे. पण लिफ्टचं दार उघडलं की दर वेळी तीच पांढऱ्या साडीतली बाई, केस मोकळे, आणि साडी मात्र नुकतीच इस्त्रीवाल्याकडून आलेली. मरून इतकी वर्षं झाली तरी साडीला एक चुणी नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमधून दोन मजले चढेपर्यंत माझ्या कॉटनच्या साडीची पार वाट लागते. ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. "लिफ्ट चुकीच्या मजल्यावर थांबली तर माणूस आधी मेंटेनन्सवाल्याला फोन करेल की मांत्रिकाला? रिजेक्ट."

हे म्हणजे माझा नवरा. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला 'हे'च म्हणतात, आता सवय बदलणं अवघड आहे. हडपसरच्या एका कारखान्यात ह्यांनी तीसेक वर्षं तयार माल तपासायचं काम केलं. त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूला तीनच शेरे मिळतात. ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. माझ्या पुरणपोळीला लग्नानंतरची पहिली चार वर्षं रिवर्क होतं. सिनेमांमध्ये आजवर एकालाच ओके मिळालंय, त्याचं पुढे सांगते.

आम्ही हे सिनेमे भरदुपारी पाहतो. जेवणं आटोपतात, ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालून होतात, मग मी पडदे ओढते. कर्वेनगरात ती वेळ शांत असते, फार तर खाली एखादा भंगारवाला ओरडत जातो. ह्यांची खुर्ची टीव्हीपासून पाच फुटांवर, ठरलेल्या फरशीवर. ह्यांचा उजवा डोळा पूर्ण गेलेला आहे. डाव्याला मधलं तेवढं दिसतं, कडा दिसत नाहीत. कोणाला समजत नसेल तर मी वर्तमानपत्राची सुरळी करून देते आणि त्यातून बघायला सांगते. दोन मिनिटांत माणूस सुरळी खाली ठेवतो आणि विषय बदलतो.

भुताच्या सिनेमाची पंचाईत अशी, की त्यात जे काही व्हायचं ते कडेला होतं. मधोमध नायिका भांडी घासत असते आणि मागे डाव्या कोपऱ्यात दार हळूच उघडतं. ह्यांना नायिका दिसते, दार दिसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ह्यांनी कामाची वाटणी करून टाकली. "मधलं मला दिसतं. कडेचं तेवढं तू सांग."

मला लहानपणापासून भुताच्या गोष्टी सहन होत नाहीत. ह्यांना मी म्हटलं, की एवढे विनोदी सिनेमे आहेत, गाण्यांचे कार्यक्रम आहेत, ते लावू. हे म्हणाले, "डोळ्याचं कळल्यापासून जो येतो तो धीर देतो. या सिनेमांत कोणी कोणाला धीर देत नाही, तेवढं बरं वाटतं." हैदराबादला असलेल्या मुलीने टीव्हीवर सगळं जोडून दिलं आणि आमचं सुरू झालं.

डोळ्याचं कसं कळलं, ते सांगायलाच हवं, कारण या सगळ्यात मला खरी भीती त्याचीच वाटत आली. साडेतीन वर्षांपूर्वी हे चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवू लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. एकदा चौकात स्कूटरच्या आरशाने रिक्षा खरवडली आणि रिक्षावाल्याने ह्यांचा व्यवस्थित उद्धार केला. मी म्हटलं, मोतीबिंदू असणार. माझ्या आईला होता. तिचा पिकायची आम्ही दोन वर्षं वाट पाहिली होती, कारण तेव्हा डॉक्टरच सांगायचे, अजून कच्चा आहे, पिकला की या. एखाद्या आंब्याबद्दल बोलावं तसं आम्ही तिच्या डोळ्याबद्दल बोलायचो. ह्यांनाही मी तेच सांगत राहिले, की अजून पिकला नसेल, घाई कशाला.

ह्यांचा स्वभाव तपासणीचा. "बघून तरी घेऊ," म्हणून ह्यांनी स्वतः डोळ्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट घेतली. नेमकं त्याच दिवशी बिबवेवाडीला मावसबहिणीकडे माझ्या भाचीचं केळवण आलं. लग्न ठरलेल्या मुलीचं पहिलंच केळवण, आणि ह्यांच्याशिवाय मी एकटी गेले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं. मी दवाखान्यात फोन करून अपॉइंटमेंट रद्द केली. ह्यांना सांगितलं, की दवाखान्यातूनच फोन आला होता, डॉक्टर आज नाहीत. कळवतील म्हणाले. मग लग्न आलं, मग पाऊस, मग दिवाळी. दवाखान्याने कळवलं नाही म्हणून ह्यांनी चार वेळा चिडचिड केली आणि मी चारही वेळा गप्प बसले.

तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. ऐकायला दोन्ही नावं सख्ख्या बहिणींची वाटतात. पण मोतीबिंदू पिकतो आणि काढता येतो. काचबिंदू कडेपासून डोळा खात आत येतो, दुखत नाही, आणि खाल्लेलं परत मिळत नाही. दीड वर्षाने आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर, मुलीच्या वयाची एक बाई, हे आत थेंब घालून डोळे मिटून बसलेले असताना मला बाहेर घेऊन आली. म्हणाली, "दीड वर्ष आधी आला असतात तर उजवा डोळा वाचला असता हो. डावाही इतका गेला नसता." मग माझा चेहरा बघून म्हणाली, की खूप जणांना कळतच नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी मान डोलावली. आम्हाला कळलं होतं, अपॉइंटमेंटही घेतली होती, हे मी तिला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच. दोन वर्षं झाली त्याला.

आता माझ्या सांगण्याबद्दल. माझ्या आईने आम्हा बहिणींना एक धाक घातला होता, की घर ऐकत असतं आणि जे बोलाल त्याला तथास्तु म्हणतं. तिन्हीसांजेला तर हमखास. त्यामुळे आमच्याकडे बांगडी फुटायची नाही, वाढायची. दिवा विझायचा नाही, शांत व्हायचा. तांदूळ कधी संपले नाहीत, फक्त भरायला झाले. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण 'येतो' म्हणूनच गेला. अशा घरात वाढलेल्या बाईने आपल्याच दिवाणखान्यात बसून, कोणाचा गळा कुठून कुठपर्यंत कापला, हे मोठ्याने कसं सांगावं? मी सांगायचे, "तो पडलाय." "ती आता नाहीये." एकदा म्हटलं, "भिंत लाल झालीय." हे म्हणाले, "लाल म्हणजे? रंग दिलाय का?"

सुरुवातीला मी नुसते शब्द बदलत होते. मग कोपऱ्यातली माणसंच गाळू लागले. बर्फातल्या घराचा एक परदेशी सिनेमा होता. त्यात बापाला तळघरातून मेलेल्या मुलीची हाक ऐकू येते. एवढी श्रीमंत माणसं, पण तळघरात एक धड ट्यूब लावलेली नाही, तोच एक लोंबकळणारा बल्ब आणि तोही फडफडणारा. ते मी ह्यांना आवर्जून सांगितलं. जिन्याखाली मुलीचे पाय दिसत होते, ते सांगितलं नाही. एक दक्षिणेकडचा हिंदीत आणलेला सिनेमा होता, त्यातली चेटकीण बातम्या देणाऱ्या बाईसारखं शुद्ध बोलायची आणि पार्श्वसंगीत इतकं, की शेजारच्यांनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. रिजेक्ट. एक मराठी, कोकणातला. विहीर, फणस, वाकडी म्हातारी, सगळं यादीप्रमाणे हजर. "भुताला नुसतं उभं केलंय, काम दिलेलं नाही," असा शेरा मारून ह्यांनी त्याला रिवर्कमध्ये टाकलं. खरं तर त्या भुताने बरंच काम केलं होतं. ते मी गाळलं होतं, म्हणून ह्यांना बिनकामाचं वाटलं. तेव्हा मला हसू आलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

ओके मिळालेल्या सिनेमात भूत नव्हतंच. एक म्हातारा एकटा राहत असतो आणि रोज सकाळी उठल्यावर त्याच्या घरातलं एक दार कमी झालेलं असतं. आज मोरीचं नाही, उद्या बाल्कनीचं नाही. जिथे दार होतं तिथे साधी भिंत, त्यावर त्याचंच कॅलेंडर. कोणी किंचाळत नाही. त्यात कडेला लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. संपल्यावर ह्यांनी "ओके" म्हटलं आणि टीव्ही बंद झाल्यावरही बराच वेळ तिकडेच बघत बसले. मी उठून चहा टाकला.

पकडली गेले ती एका गुरुवारी. भाजी घेऊन वर आले तर टीव्ही चालू, चित्र थांबवलेलं. ह्यांची खुर्ची पुढे ओढलेली, नाक पडद्यापासून वीतभर. डावा डोळा पडद्याला लावून हे वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने खाली येत होते, मग पुन्हा वर. कारखान्यात माल असाच बघायचे म्हणे. कडेवरून अंगठा फिरवायचा, कारण खोट नेहमी कडेला राहते. मी पिशवी हातातच घेऊन उभी राहिले.

"कपाटाशेजारी काय आहे म्हणाली होतीस?" ह्यांनी न वळता विचारलं.

"स्टूल."

"बाई आहे. गळा चिरलेला आहे. मांडीवर पोर आहे."

मी पिशवी खाली ठेवली.

"आठवडाभर तू भाजीला गेलीस की हेच करतोय. तीन सिनेमे परत तपासले. तेरा ठिकाणी खराब माल पास केलायस."

"घरात असलं काही बोलवत नाही हो मला. तुम्हाला माहितीये."

"ते ठीक आहे," हे म्हणाले. खुर्ची फिरवून त्यांनी चेहरा माझ्याकडे केला. मला शोधायला त्यांना थोडा वेळ लागला, मी बाजूला उभी होते. "अजून काय काय पास केलंस?"

त्या आठवड्यातच ह्यांची नवी फील्ड टेस्ट झाली होती. एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, आणि आत कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेर बाकावर बसते. आतून बटणाचा टिक टिक आवाज येतो. दोन वर्षांपूर्वी तो भराभर यायचा. या वेळी एक टिक झाली आणि नंतर इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही, की बाकावरच्या दुसऱ्या बाईने मला विचारलं, झाली का तुमची तपासणी. डॉक्टर बाहेरगावी होत्या, सोमवारी भेटणार होत्या. छापलेला कागद मी घेऊन आले. असे सात कागद आता घरात आहेत, मला ते वाचता येतात. ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, मागच्यासारखाच आहे.

"तो कागद आण," हे म्हणाले. "सिनेमा सांगतेस तसा सांग. फक्त खरा."

बाहेर उजेड उतरत होता. "दिवेलागणीची वेळ आहे. दिवा लावून घेऊ दे आधी."

"लाव. कागद काही बदलणार नाही."

देवाजवळ दिवा लावला. हात जोडले, पण काय म्हणायचं ते सुचलं नाही. देवघराच्या खालच्या ड्रॉवरमधून कागद काढला आणि ह्यांच्यासमोर मोड्यावर बसले. आईचा आवाज कानात होता. मला तिचा राग आला, घराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"एक गोल आहे," मी म्हणाले. "त्यात उभी-आडवी रेघ. वरचं सगळं काळं आहे. खालचं काळं आहे. उजवीकडे काळं. डावीकडे मागच्या वेळी करडं होतं, तेही आता काळं आहे. मध्ये पांढरं आहे."

"केवढं?"

"मागच्या वेळी रुपयाएवढं होतं."

"आत्ता विचारतोय."

"टिकलीएवढं. मोठ्या नाही, माझ्या रोजच्या."

ह्यांनी मान हलवली. तिथे थांबता आलं असतं. ह्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर देऊन झालं होतं. पण तोंड उघडलंच होतं, आणि परत कधी उघडेल याची मला खात्री नव्हती.

"पहिली अपॉइंटमेंट दवाखान्याने रद्द केली नव्हती," मी म्हणाले. "मी केली होती."

हे खुर्चीत थोडे पुढे सरकले.

"भाचीचं केळवण होतं बिबवेवाडीला, म्हणून. मला वाटलं मोतीबिंदू आहे, पिकायला वेळ आहे. नंतर तुम्हाला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून परत अपॉइंटमेंटचा विषय काढला नाही. डॉक्टर पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, तेव्हा आलो असतो तर उजवा वाचला असता."

दिव्याची वात चरचरली. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. ह्यांचे हात मांडीवर होते, अंगठा खुर्चीच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता. मी ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, हे खरं आहे.

"जेवण चांगलं होतं ते," हे म्हणाले. "अळूची भाजी होती."

मग उठले आणि आत जाताना चौकटीला खांदा आपटला. मी धरायला उठले, तर हाताने थांब अशी खूण केली.

चार दिवस हे माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. थेंब स्वतः घातले. अर्धे गालावर ओघळायचे, ते पुसायलाही मला बोलावलं नाही. सोमवारी डॉक्टरांना ह्यांनी सगळं नीट विचारलं. किती दिवस राहील, ऑपरेशन करून काही उपयोग आहे का, काठी कधीपासून घ्यायची. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करून बघू, पण भरवसा देत नाही. महिने सांगता येणार नाहीत. अपॉइंटमेंटबद्दल ह्यांनी तिथे एक अक्षर काढलं नाही. मी खाली मान घालून बसले होते. परतताना रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये फाइल होती.

मंगळवारी दुपारी मी मागचं आवरत होते. बाहेरच्या खोलीत पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. येऊन बघते तर ह्यांनी स्वतः पडदे ओढले होते आणि खुर्ची मागे नेऊन ठरलेल्या फरशीवर ठेवली होती.

"लाव एखादा," हे म्हणाले.

मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. रिमोट घेऊन पहिला दिसला तो सिनेमा लावला आणि मोड्यावर बसले. जुनं घर, अंगण, दुपारचं ऊन. मी सुरुवात केली.

"डावीकडे विहीर आहे. काठावर एक हात आहे, नुसताच. कोपरापासून तुटलेला. रक्त अजून ओलं आहे." जरा थांबून उजवीकडची कड नीट पाहिली. "उजवीकडे कोणी नाही. खरंच नाही."

हे टीव्हीकडे बघत होते. मान आधी थोडी डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग परत मधे आणली. मग खुर्चीत मागे टेकून बसले.

"आता मधलंही सांग," हे म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. "मध्ये एक बाई आहे," मी सांगितलं. "दारात उभी आहे. घाबरलेली आहे."

"हं," हे म्हणाले. "पुढे सांग."